जुन्या वाड्याची फरसबंदी आणि येण्याजाण्याची वाट कशी जपावी: हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वाड्यात प्रवेशाच्या दिंडी दरवाजापासून ढेलजेपर्यंत (पुढच्या ओसरीपर्यंत) सुमारे चाळीस फुटांची दगडी वाट आहे. ती मी आधी स्वतःच्या हाताने बिघडवली आणि नंतर दोन वर्षे खर्ची घालून पूर्ववत केली. दगड डुगडुगतात, सांध्यांतून गवत उगवते आणि घरातील वृद्धांना ठेच लागते, या कारणांनी मी सगळे सांधे सिमेंटने भरून घेतले होते. पहिल्या उन्हाळ्यात वाट देखणी दिसली. पहिल्या पावसाळ्यात मात्र, जे पाणी आजवर सांध्यांतून खाली मुरत होते, ते वाटेवरून वाहत जाऊन भिंतीच्या जोत्याशी साचू लागले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ढेलजेच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा (ओलीमुळे येणारा क्षारांचा पांढरा थर) लागला. सिमेंटलाही तोवर आडव्या भेगा पडल्या होत्या.

विदर्भातील खेड्यांत असे वाडे अजून बऱ्याच संख्येने उभे आहेत, आणि त्यांचे मालक दरवाजा, माडी, कोरीव खांब यांची काळजी घेत असले तरी पायाखालच्या वाटेकडे शेवटी पाहतात. वरचा दगड क्वचितच खराब झालेला असतो. बिघाड बहुधा त्याच्या खालच्या मातीत आणि बाजूच्या पाण्यात असतो. पुढील क्रम त्याच समजुतीवर आधारलेला आहे, आणि तो घाईने उरकण्याजोगा नाही.

१. एक पावसाळा नुसते पाहावे

मृग लागण्यापूर्वी वाटेचा साधा आराखडा कागदावर काढून ठेवावा आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत छत्री घेऊन प्रत्यक्ष उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे थबकते, कोणत्या दगडाखाली शिरताना बुडबुडे येतात, पन्हाळीचे पाणी नेमके कोठे पडते आणि पाऊस थांबल्यावर किती वेळाने वाट कोरडी होते, हे आराखड्यावर बाणांनी दाखवावे. हे काम कोणताही कंत्राटदार आपल्यासाठी करणार नाही, कारण तो दिवाळीनंतर कोरड्या जमिनीवर उभा राहून अंदाज देतो.

त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा पाहावे. आपल्याकडील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते, त्यामुळे पावसाळ्यात उचलला गेलेला दगड उन्हाळ्यात खाली बसलेला आढळतो. जो दगड दोन्ही ऋतूंत हलतो, त्याच्या तळाशी काम आहे. जो फक्त पावसाळ्यात हलतो, त्याच्या शेजारचे पाणी वळवले तरी बहुधा भागते. माझ्या वाटेवर सुरुवातीला तीस दगड काढावे लागतील असे वाटले होते, पण वर्षभर पाहिल्यावर ती संख्या अकरावर आली.

२. वाट कोणाची, हे कागदावर ठरवावे

वाड्यांच्या बाबतीत वाटण्या तोंडी झालेल्या असतात, आणि खोल्या वाटल्या गेल्या तरी चौक व वाट सामाईकच राहते. म्हणून दगडाला हात लावण्यापूर्वी पुढील कागद एका फाइलमध्ये जमवावेत:

- ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या कर-आकारणीच्या नोंदीचा) उतारा.
- गावठाणातील मालमत्ता पत्रक किंवा सनद. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली आपल्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर तो नकाशाही घ्यावा.
- वाट गावठाणाबाहेर शेतातून जात असल्यास सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा).
- सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती. पुण्या-मुंबईस राहणाऱ्या चुलत भावाचीही घ्यावी, कारण काम सुरू झाल्यावर हटकून त्यालाच वाड्याची आठवण होते.
- काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यास (पूर्वीचा ग्रामसेवक) दिलेल्या पत्राची पोच.

आपल्या वाटेवरून शेजाऱ्याची शेताकडे जाण्याची वहिवाट असेल, तर दुरुस्तीच्या निमित्ताने ती अरुंद करू नये किंवा तिच्यावर पायरी चढवू नये. शेतरस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि अशा वादात वाटेचे काम वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहते.

आपले घर एखाद्या संरक्षित स्मारकाच्या जवळ असल्यास नियम अधिक कडक आहेत. केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारकांभोवती, म्हणजे लोणारची मंदिरे, चंद्रपूरचा किल्ला, मार्कंडा, गाविलगड, नरनाळा अशा ठिकाणी, १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरते. तेथे दुरुस्तीसाठीही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. राज्य सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूंसाठी राज्याचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. या बाबतीत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर येथील कार्यालयात लेखी विचारणा करून लेखीच उत्तर घ्यावे. “घरचेच अंगण आहे, कोण विचारतो” या गावकऱ्यांच्या भरवशावर राहू नये.

बहुसंख्य वाडे मात्र कोणत्याही यादीत नसतात. अशा असंरक्षित वारशासाठी वारसा जतनाचे काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेने २००४ मध्ये एक सनद (तत्त्वांचा जाहीरनामा) स्वीकारली असून तिच्यात स्थानिक कारागिरांच्या परंपरागत ज्ञानाला मोठे स्थान दिलेले आहे. संस्थेची नागपूर शाखा आहे. कामापूर्वी तेथील जाणकारांशी एकदा बोलणे हिताचे ठरते.

३. नोंद करावी, मगच पहार उचलावी

वाटेवर सुतळीने एक-एक मीटरचे चौकोन आखावेत, प्रत्येक चौकोनाचे सरळ वरून छायाचित्र घ्यावे आणि चौकटीत मोजपट्टी व चौकोनाचा क्रमांक दिसेल अशी व्यवस्था करावी. जो दगड उचलायचा आहे, त्याच्या वरच्या बाजूस खडूने आणि उचलल्याबरोबर खालच्या बाजूस रंगाने तोच क्रमांक लिहावा, शिवाय उत्तर दिशेकडील कडेला बाण काढावा. खडू एका सरीत धुऊन जातो आणि गेरूचा डाग वालुकाश्मात मुरतो, म्हणून कायमचा क्रमांक नेहमी खालच्या बाजूसच असावा.

नोंदीत वाटेवरच्या खुणाही याव्यात. आमच्या दिंडीतून आत येताच दोन दगडांवर बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकांवरील लोखंडी पट्ट्यांनी (धावांनी) पडलेल्या खाचा आहेत. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, पण खरी चाकोरी आता अशाच ठिकाणी पाहायला मिळते. एका गवंड्याने ते दोन्ही दगड “झिजलेले” म्हणून उलटे करून बसवण्याचा प्रस्ताव ठेवला होता. त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, म्हणूनच काय बदलायचे नाही याची यादी काम सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावी. बैल बांधण्याची कडी, तुळशी वृंदावनाभोवतीची गोल मांडणी, जुन्या नालीचे झाकण, दगडावरील टाकीचे (दगडफोडीच्या छिन्नीचे) घाव, हे सर्व त्या यादीत असावे.

४. दगड आणि सांधा ओळखावा

विदर्भात दगड जिल्ह्यागणिक बदलतो. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ-वर्ध्याच्या मोठ्या भागात काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आहे. वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यात चुनखडक मिळतो, चंद्रपूर-भद्रावतीकडे वालुकाश्म दिसतो, आणि त्याच्या पूर्वेस जांभा व ग्रॅनाइटी खडक सुरू होतात. याशिवाय गेल्या शतकात बाहेरून आणून बसवलेली शहाबादी फरशी पुष्कळ वाड्यांत आढळते.

हे ओळखणे आवश्यक आहे, कारण प्रत्येकाचे दुखणे निराळे असते. काळा पाषाण सिमेंटमुळे सहसा झिजत नाही, पण सिमेंट काढताना त्याच्या कडांचे टवके उडतात. वालुकाश्म पाणी शोषतो, त्याच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओल सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडते आणि क्षारांमुळे दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शहाबादी फरशी हा चुनखडकच असल्याने ॲसिडने तिचा पृष्ठभाग खाल्ला जातो. शंका असल्यास एका कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहावा. बारीक फेस आला तर तो चुनखडक समजावा आणि लगेच पाण्याने धुऊन टाकावे.

सांध्यात काय आहे, हेही टोकदार सळईने दोन-तीन ठिकाणी कोरून पाहावे. पुष्कळ वाटांत सांधे चुन्याचे नसतातच, दगड मुरमावर टेकवून फटींत नुसता बारीक मुरूम ठोकलेला असतो. तसे असेल तर त्यात चुना भरण्याचा मोह टाळावा आणि जो पदार्थ होता तोच पुन्हा भरावा. सांधा चुन्याचा असल्यास त्याचा सुपारीएवढा तुकडा काचेच्या ग्लासात व्हिनेगरमध्ये बुडवून, व्हिनेगर बदलत दोन-तीन दिवस ठेवावा. चुना विरघळतो आणि तळाशी रेती किंवा सुरखी, म्हणजे विटेची लालसर भुकटी, उरते. तिच्यावरून जुन्या कारागिराने काय वापरले होते त्याचा अंदाज येतो आणि नवे मिश्रण त्या रंगाच्या जवळ नेता येते.

५. आधी पाण्याची व्यवस्था

माझ्या मते निम्मे काम येथेच संपते, म्हणून या टप्प्यावर पैसा आणि वेळ सर्वात अधिक द्यावा.

पारदर्शक नळीत पाणी भरून वाटेचे चढउतार मोजावेत. खडबडीत दगडी वाटेला मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर उतार असावा आणि तो भिंतीपासून दूर जाणारा असावा. जुन्या वाड्यांत हा उतार मुळातच दिलेला असतो, पण भिंतीलगत नंतर लावलेली कुंड्यांची रांग, न्हाणीचा वाढवलेला ओटा किंवा वर्षानुवर्षे साचलेली माती यांमुळे तो उलटा झालेला असतो. भिंतीलगतची ही भर काढून जोत्याचा दगड पुन्हा उघडा केला, तर एका पावसाळ्यात फरक दिसतो. आमच्याकडे त्या मातीखाली दगडी नालीच निघाली. ती नाली घरातील कोणाच्याही आठवणीत नव्हती, आणि तिच्यातून काढलेला गाळ अकरा घमेली भरला.

पन्हाळीचे पाणी वाटेवर सरळ पडू देऊ नये. ते पडते तेथे मोठा सपाट दगड ठेवून पाणी नालीकडे वळवावे. नळाच्या तोटीखालचा, कुलरच्या पाण्याचा आणि भांडी घासण्याच्या जागेचा ओघही तपासावा, कारण काळ्या मातीला पावसाचे आणि घरगुती पाणी यांत फरक कळत नाही. उन्हाळ्यात एकाच ठिकाणी रोज पडणारे कुलरचे पाणी तेवढीच जागा फुगवते, आजूबाजूची माती मात्र आक्रसलेली असते, आणि वाट बरोबर तेथेच वाकडी होते.

येथील सर्वात मोठा सापळा म्हणजे गावाचा रस्ता. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सिमेंट काँक्रीटचा नवा थर टाकला जातो, दर खेपेस पातळी वीतभर वाढते, आणि कधी काळी दोन पायऱ्या चढून ज्या वाड्यात जावे लागे, तो वाडा रस्त्याच्या खाली जातो. एकदा असे झाले की पाणी दिंडीतून आत येते आणि आपण वाटेवर केलेले काम वाया जाते. म्हणून रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होत असतानाच ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन, जुना थर खोदूनच नवा टाकावा आणि पातळी उंबरठ्याखाली ठेवावी, अशी मागणी नोंदवून घ्यावी. उंबरठ्याचे छायाचित्र व मोजमाप अर्जाला जोडावे. रस्ता झाल्यानंतर केलेली तक्रार बहुधा फाइलीतच राहते.

रस्ता आधीच उंच झालेला असेल, तर वाट उचलून रस्त्याच्या पातळीस आणणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास पाणी ढेलजेत शिरते आणि दरवाजाची फळीही कापावी लागते. त्याऐवजी दिंडीच्या बाहेर आडवी, जाळी घातलेली नाली घ्यावी आणि तिला गावच्या नालीत उतार द्यावा. त्यासाठी रस्त्याच्या कडेला जागा लागते, आणि तेवढ्यापुरती ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी घ्यावी.

६. दगड उचलणे आणि पुन्हा बसवणे

लागणारी साधने मोजकीच आहेत: दोन सब्बली (पहारी), लाकडी पाचरी, टिकास, फावडे, घमेली, धुमस (माती ठोकण्याचे जड साधन), ओळंबा, गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन), सुतळी, पाण्याची नळी, लाकडी हातोडा, छिन्नी आणि दगड ठेवण्यासाठी जुने टायर किंवा गोणपाट. जेसीबी या यादीत नाही, तो दिंडीतून आत आणूच नये. त्याच्या वजनाने न हलणारे दगडही हलतात, आणि एका चुकीच्या वळणात कमानीचा पाया दुखावला जाऊ शकतो.

कारागीर निवडताना दगडाचे काम करणारा वडार किंवा पाथरवट आणि चुन्याचे काम केलेला वयस्क गवंडी, अशी जोडी मिळाल्यास उत्तम. फरशी बसवणारा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याचा हात ग्राइंडरकडे जातो, आणि ग्राइंडरने सरळ केलेली कड जुन्या कडेशेजारी कायम खुपत राहते. मोबदला दगडांच्या संख्येवर न ठरवता रोजावर ठरवावा, कारण संख्येवर ठरवल्यास जितके दगड उचलले जातील तितका त्याचा फायदा असतो. वेळ हीदेखील अडचणच आहे. चुन्याच्या कामाला दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वात चांगले, आणि नेमके तेव्हाच कापसाची वेचणी सुरू असल्याने गावात माणूस मिळत नाही. मी दसऱ्यालाच शब्द घेऊन ठेवला होता, तरीही काम दोन आठवडे लांबले.

दगड कडेपासून मध्याकडे उचलत जावा. सब्बल दगडाच्या कडेवर थेट टेकवू नये, मध्ये लाकडाचा तुकडा घ्यावा. सांध्यात सिमेंट असेल तर ते छिन्नीने थोडे-थोडे, सांध्याच्या मध्यातून काढावे. जे सुटत नाही ते तसेच राहू द्यावे, कारण हट्टाने काढताना दगडाची कड फुटली तर ती पुन्हा मिळत नाही.

आता तळ. दगड उचलल्यावर खाली काळी माती लागली, तर केवळ रेती टाकून दगड परत ठेवण्यात अर्थ नाही. माणसांच्या वाटेसाठी सुमारे दीड फूट खोलीपर्यंत काळी माती काढावी. भिंतीलगत दीड-दोन फूट जागा मात्र न खोदता सोडावी आणि भिंतीच्या पायाच्या तळापेक्षा खोल कोठेही जाऊ नये. खोदलेल्या जागेत कठीण मुरूम चार ते सहा इंचांच्या थरांत टाकून, किंचित पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. ओलसर मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा बनतो आणि बोटाने दाबताच फुटतो, तेवढीच ओल योग्य. वर दोन इंच जाड रेती किंवा दगडाची चुरी पसरून त्यावर दगड लाकडी हातोड्याने बसवावेत.

हे करताना एक गोष्ट विसरली जाते आणि ती मीही विसरलो होतो. काळ्या मातीत मुरमाने भरलेला खड्डा म्हणजे एक कुंडीच असते. मुरमातून पाणी सहज खाली जाते, खालची व बाजूची काळी माती ते पुढे जाऊ देत नाही, आणि सगळे पाणी वाटेखाली साचून राहते. म्हणून खड्ड्याच्या तळाला उतार द्यावा आणि सर्वात खालच्या टोकाला गिट्टी भरलेली लहान चर किंवा छिद्रांचा पाइप ठेवून तो नालीत सोडावा. माझ्याकडे ही चर नंतर खणावी लागली, त्यासाठी बसवलेले चार दगड पुन्हा उचलावे लागले.

मुरूम आणि दगड हे गौण खनिज असल्याने ट्रॉली मागवताना वाहतुकीचा पास मागावा. पास नसलेल्या ट्रॉलीचा मुरूम स्वस्त पडतो, पण ती अडवली गेल्यास दंडाचे प्रकरण होते. स्वतःच्या शेतातून मुरूम काढायचा असला तरी आधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) विचारून घ्यावे.

फुटलेला दगड बदलावाच लागला, तर त्याच खाणपट्ट्यातील दगड शोधावा. पडक्या गोठ्याचे किंवा जुन्या विहिरीच्या काठाचे दगड कोणी विकत असल्यास ते उपयोगी पडतात, मात्र मंदिराचे, किल्ल्याचे किंवा बारवेचे (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचे) दगड कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. नव्या दगडाच्या खालच्या बाजूस बसवल्याचे साल कोरून ठेवावे. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही असेच तत्त्व आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण जवळून पाहणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखता यावे.

७. चुना

सांधे चुन्याचे असतील तरच हा टप्पा लागू होतो. बाजारात पांढऱ्या रंगकामासाठी मिळणारी चुना पावडर बऱ्याचदा हवा लागून मेलेली असते, पोत्यात घट्ट गाठी दिसल्या तर ती घेऊ नये. शक्य असल्यास कळीचा (भाजलेला, अजून न विझवलेला) चुना आणून घरीच विझवावा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि त्यात कळी थोडी-थोडी टाकावी. कळीवर पाणी ओतल्यास ती उसळते आणि डोळे जाण्याचा धोका असतो. चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. प्लास्टिकचे पिंप उष्णतेने वितळू शकते. विझलेला चुना पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरू द्यावा, अधिक मुरला तर अधिक चांगला.

मी वापरलेले प्रमाण मुरलेला चुना एक, सुरखी एक, रेती दोन असे होते. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो आणि ओलीत तो मऊच राहतो. सुरखी मात्र चुन्याशी संयोग पावते आणि ओल्या जागीही सांधा धरतो. सुरखी मंद भाजलेल्या विटांची असावी. काळी पडलेली, जास्त भाजलेली वीट या कामाला निरुपयोगी. रेती धुतलेली घ्यावी, नाल्यातल्या रेतीत काळी माती मिसळलेली असते. पूर्वी हे मिश्रण बैल जुंपून फिरवायच्या चुन्याच्या घाणीत मळत, थोड्या कामासाठी ते लाकडी मुसळाने कुटले तरी चालते, पण घाई न करता चांगले तासभर कुटावे. गूळ, बेलफळ आणि हिरडा यांचे पाणी घालण्याची पद्धत जुनी आहे. मी गूळ घालून पाहिला, आणि आठवडाभर वाटेवर मुंग्यांची रांग सोडून दुसरे काही दिसले नाही.

सांधा रुंदीच्या दुप्पट खोल कोरून, झाडून, पाण्याने ओला करावा. मिश्रण दाबून भरावे आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावे. चुना दगडावर पसरवून “फिनिशिंग” देण्याची सवय गवंड्यांना असते, ती आधीच थांबवावी. त्यावर ओले गोणपाट टाकून आठ-दहा दिवस ओलावा राखावा आणि महिनाभर गाडी आत आणू नये. मार्चनंतर आपल्याकडचे ऊन आणि लू चुन्याला कोरडे करून त्याची पूड करतात, म्हणून तोवर काम संपवावे.

८. गाडीचा प्रश्न

ही वाट दमणी (माणसांसाठीची हलकी बैलगाडी) आणि बंडीसाठी होती, चारचाकीसाठी नव्हती. लहान मोटार जाड दगडांवरून सावकाश नेल्यास चालते. भरलेला ट्रॅक्टर, बांधकामाच्या गिट्टीचा टिप्पर आणि पाण्याचा टँकर यांना मात्र दिंडीच्या बाहेरच थांबवावे. रोज गाडी आत लावायची असल्यास चाके जातील त्या दोन पट्ट्यांखालीच दगडी सोलिंग घ्यावे, म्हणजे सहा ते नऊ इंचांचे दगड उभे रचून, फटींत गिट्टी व मुरूम ठोकून तळ करावा. मधला भाग आहे तसा ठेवावा. गाडी उभी राहते त्या ठिकाणी ऑइल गळत असेल तर खाली पत्र्याचा ट्रे ठेवावा. सांडलेल्या ऑइलवर लगेच राख किंवा लाकडाचा भुसा टाकून ते उचलावे, रॉकेलने धुऊ नये.

दगड काढून गट्टू (सिमेंटचे फरसबंदीचे ठोकळे) बसवण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. गट्टू तुलनेने स्वस्त व सपाट असतात, पण काळ्या मातीवर नीट तळ न करता बसवले तर तेही लाटांसारखे होतात. म्हणजे तळाचा खर्च दोन्ही प्रकारांत सारखाच, आणि जुने दगड हातचे जातात ते वेगळेच.

घरात चाकांची खुर्ची वापरणारे कोणी असल्यास पायऱ्या फोडून उतरण करू नये. पायऱ्यांवर ठेवता आणि काढता येईल अशी लाकडी किंवा लोखंडी उतरण करून घ्यावी, तिच्या पायांखाली रबर लावावे. आमच्या आजीसाठी गावच्या सुतारानेच ती दोन दिवसांत करून दिली होती.

९. मुरमाची आणि शेणसड्याची वाट

वाट दगडी नसून मुरमाची असेल, तर दर दिवाळीनंतर खड्डे भरून, मध्यभाग किंचित उंच ठेवून ठोकणे एवढे पुरते. सारवलेल्या अंगणात पांढरी माती व शेण यांचा थर दरवर्षी चढत जातो आणि काही दशकांत तो उंबरठ्याला येऊन भिडतो. म्हणून अधूनमधून वरचा थर खरवडून मगच सारवावे.

१०. वर्षभराची काळजी आणि नेहमीचे सापळे

गवत पावसानंतर माती मऊ असताना हाताने मुळासकट उपटावे. पिंपळ आणि उंबराचे रोप बोटभर असतानाच काढावे. कडुनिंबाची जाड मुळे वाट उचलत असतील तर मूळ तोडू नये, तेवढे दगड काढून वाट मुळावरून हलक्या चढाने न्यावी. शेवाळ नारळी ब्रशने आणि साध्या पाण्याने घासावे. ॲसिड, ब्लीचिंग आणि गाड्या धुण्याचा जोरदार फवारा या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात, कारण फवाऱ्याने सांध्यातला चुना व मुरूम बाहेर येतो आणि वाट पुन्हा पहिल्या दिवसावर जाते.

लग्नकार्यात मंडपवाले लोखंडी खुंट्या बेधडक सांध्यांत ठोकतात. त्यांना आधीच बजावावे आणि खांबांसाठी रेतीने भरलेली पिंपे ठेवण्यास सांगावे. नळयोजनेची किंवा केबलची चर वाटेतून जाणार असेल, तर आदल्या दिवशी आपणच क्रमांक घालून दगड काढून ठेवावेत. चर खोदणारे ते फोडतात आणि वर सिमेंटचा पट्टा ओढून निघून जातात. आमच्या वाटेवर असा एक पट्टा अजून आहे. त्याच्या बाजूचे दगड नाजूक असल्याने मी त्याला हात लावलेला नाही.

कामातून उरलेले दगड, अर्धे तुकडेसुद्धा, कोठ्याच्या भिंतीशी उभे रचून ठेवावेत आणि त्यांवरही क्रमांक घालावा. नोंदींची वही, छायाचित्रे आणि चुन्याचे प्रमाण लिहिलेला कागद फाइलमध्ये नमुना ८ च्या उताऱ्यामागे लावावा, म्हणजे पुढच्या वाटणीच्या वेळी ज्याच्या हाती फाइल जाईल, त्याच्या हाती वाटेचीही माहिती जाईल.